अथांगपूरची सातवी वही

सौंदड
९ सप्टेंबर १९५४

चि. शामकला हिला मामाजींचे अनेक आशीर्वाद.

तू शिकवतेस त्या शाळेच्या पायरीवरून घसरलीस आणि तीन महिने पाय प्लास्टरमध्ये राहणार हे वाचून तुझ्या मामीने दोन दिवस माझं डोकं खाल्लं. मी लगेच छोट्या रेल्वेगाडीने गोंदियाला यायला हवं होतं. पण शाळा, शेतातली निंदणी आणि हेडमास्तर म्हणून वरून येणारे कागद, यातून सुटका नाही. रागावू नकोस.

स्वतः येत नाही, पण गोंदियाला निघालेल्या सेवकरामबरोबर तीन वह्या पाठवतो आहे. हसणार नसशील तर सांगतो. मी कादंबरी लिहिली आहे. अद्भुत कादंबरी! नाव आहे 'अथांगपूर'. तळ्याखाली एक राज्य आहे, आणि जळलेल्या नशिबाची एक सून, चंद्रकळा, पाण्यात उतरून तिथे जाऊन पोचते. पुढचं तूच वाच. एकंदर सात वह्या आहेत, तुला पाठवतो त्या नकला. नागपूरच्या एका छापखानेवाल्याने बघतो म्हटलं आहे, पण त्याआधी तू बघावंस अशी इच्छा आहे. सात वर्षांची असताना माझ्या गोष्टीतल्या राक्षसाचा स्वयंपाक कोण करतो म्हणून तूच मला धारेवर धरलं होतंस. तेवढं रोखठोक मला या गावात कोणी बोलत नाही. सगळे 'वा मास्तर' म्हणतात आणि तंबाखू मळतात.

शेजारची एक मुलगी मात्र रोज शाळा सुटल्यावर ओसरीवर येऊन ऐकते. तिला फार गोडी लागली आहे.

तुझा
भैयाजी मामा

~

गोंदिया
२१ सप्टेंबर १९५४

तीर्थरूप मामाजींस शामकलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आला नाहीत, म्हणून मी आधी चांगली रुसले होते. पाय मोडलेल्या भाचीकडे वह्या पाठवतात आणि स्वतः येत नाहीत, असा मामा आमच्या शाळेत कोणाला नाही. पण वह्या उघडल्या आणि रुसवा विसरले.

मामाजी, हे तुम्ही कुठे लपवून ठेवलं होतं? पाण्याचा पृष्ठभाग हेच त्यांचं आभाळ, आणि वर कोणी घागर बुडवली की खाली लोक म्हणतात, 'आज ढग आले.' गुराखी माशांचे कळप चरायला नेतो आणि संध्याकाळी ते आपापल्या गोठ्यात शिरतात. भात तिथे उलटा वाढतो, लोंब्या खाली, मुळं वर. आणि तो बाजार, जिथे पैसे चालत नाहीत, झोप देऊन मीठ घ्यायचं! पण सगळ्यांत मला आवडला तो तिथला कायदा. खोटं बोललं की तोंडातून बुडबुडा निघतो आणि वर वर जातो, सगळ्यांना दिसतो. मी शेजारच्या तिवारीबाईंना हिंदीत सांगत होते, तर त्या म्हणाल्या, "अरे वाह, हमारी म्युनिसिपल कमिटी को वहीं भेज दो, पूरा तालाब उबल जाएगा." मी पलंगावर हसून हसून पाय दुखवून घेतला.

एकच खटकलं. चंद्रकळा पाण्यात का उतरते, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. 'घरच्या जाचाला कंटाळून.' माशांच्या गोठ्याला चार पानं आणि त्या बाईच्या जाचाला चार शब्द? कोणी काय केलं तिला? मला कळायला हवं.

आणि रुख्माचं काय? चिचगडकडे तिच्या सासरी मी दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. लग्नाला दोन वर्षं झाली, माझ्या बहिणीचं घर मी अजून पाहिलेलं नाही. मी नागपूरला ट्रेनिंगला असताना तुम्ही आठ दिवसांत सगळं उरकलंत. आईबाबा गेल्यावर तुम्हीच आम्हा दोघींना वाढवलंत, तुमच्या शब्दाबाहेर आम्ही कधी गेलो नाही, पण ती कशी आहे एवढं तरी कळवा. पुढच्या वह्या लवकर पाठवा.

आपली
शामकला

~

सौंदड
१० ऑक्टोबर १९५४

चि. शामकला हिला आशीर्वाद.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. मामीला ऐकवलं, आणि ओसरीवरच्या श्रोत्यालाही. उरलेल्या चार वह्या सोबत आहेत.

जाचाबद्दल तू लिहिलंस, ते मला पटत नाही. वाईट गोष्टी उकरून वाचकाला काय मिळतं? माणूस पुस्तक उघडतो तो घटकाभर सुखाने बसायला. शेवट तू वाचशीलच. मी फार विचार करून लिहिला आहे. सगळं गोड व्हावं असा आहे.

रुख्मा बरी आहे. खाऊनपिऊन आहे. पत्र लिहायला तिला कुठे फुरसत असते! तू काळजी करू नकोस, पाय सांभाळ.

शेजारची ती मुलगी सहाव्या वहीपर्यंत आली. हल्ली दुपारी तलावाच्या पायऱ्यांवर बसून असते. परवा मला म्हणाली, "मामाजी, तिकडं कोणी कोणाले मारत नाई ना?" पुस्तक इतकं मनात उतरलेलं पाहिलं की लिहिणाऱ्याला बरं वाटतं.

तुझा
भैयाजी मामा

~

गोंदिया
२३ ऑक्टोबर १९५४

ती. मामाजींस सा. न.

सातवी वही काल संपली. रात्रभर चडफडले. रोखठोक हवं होतं ना, घ्या मग.

सहा वह्या सोन्यासारख्या आणि सातवी मातीमोल. चंद्रकळा अथांगपुरात सात वर्षं राहिली. तिथे खोटं चालत नाही, हात उगारला की पाणीच हात धरून ठेवतं. एवढं पाहिलेली बाई, आणि राजा तिला सांगतो, 'मुली, तुझं खरं घर सासर.' ती मुकाट ऐकते. एक घागर पाणी घेऊन वर येते, सासूचे पाय धुते, आणि सासू लोण्यासारखी मऊ होते. नवऱ्याच्या हातात काठी होती, तिला पालवी फुटते. संपलं. बाकी सगळ्यांनी तिच्याशी केलं ते पाण्याने धुऊन गेलं म्हणे.

मामाजी, असं होतं का कुठे? तुमच्याच राज्यातला राजा हे बोलला तेव्हा त्याच्या तोंडातून बुडबुडा कसा निघाला नाही? एवढं सुंदर जग तुम्ही रचलंत, आणि ज्या प्रश्नासाठी ते रचलं तो प्रश्न आला तेव्हा मागच्या दाराने पळालात. मला राग आला आहे आणि वाईटही वाटतं आहे. हा शेवट छापू नका.

आता दुसरं. ती शेजारची मुलगी तुम्हाला 'मामाजी' का म्हणते? आपल्या ओसरीच्या एका बाजूला शाळा आणि दुसऱ्या बाजूला बकाराम काकांचं घर, त्यांना एकही मुलगी नाही. परवा दिवाळी आहे. दिवाळीला रुख्मा माहेरी येणार आहे की नाही, हेही तुम्ही लिहीत नाही. मला भीती वाटू लागली आहे. काय लपवताय?

शामकला

~

सौंदड
२ नोव्हेंबर १९५४

चि. शामकला,

तुझ्यापुढे माझं कधीच काही चाललं नाही.

ओसरीवर ऐकते ती रुख्माच आहे. श्रावणात आली. चिचगडहून निघाली, कोहमाऱ्यापर्यंत पायी, पुढे एका मालट्रकवाल्याने आणून सोडलं. पाठीवर वळ होते. मामीने आठ दिवस हळद लावली. मी तुला कळवलं नाही, गोंदियालाही म्हणूनच आलो नाही. तुझ्यासमोर बसून मला खोटं बोलता आलं नसतं.

तू म्हणशील, मग ठेवून घ्या. इतकं सोपं नाही, बाळ. लग्न मी जुळवलं. शब्द माझा. दुलीचंद जावयाच्या घरचे दोनदा येऊन गेले, मी म्हटलं, मंडई होऊ द्या. दिवाळीनंतरची आपल्या गावची मंडईची जत्रा सतरा तारखेला आहे. तेव्हा गावोगावचे सोयरे येतील, जातीचे पंच बसतील, आणि ते चारचौघांत तिला मानाने घेऊन जातील. दुलीचंदने हात उचलणार नाही असं कबूल केलं आहे. मास्तरच्या घरची पोर नांदत नाही असं झालं तर उद्या कोण माझ्या शब्दावर विश्वास ठेवील?

म्हणून मी कादंबरी लिहायला घेतली. तिला समोर बसवून उपदेश केला तर ती भिंतीकडे तोंड करते. गोष्ट मात्र ऐकते. चंद्रकळा परत गेली आणि सगळं चांगलं झालं, हे ऐकून तिचंही मन वळेल असं मला वाटलं. शेवटचा अध्याय अजून वाचलेला नाही. मंडईच्या आधी वाचेन.

ती शांत आहे. रडत नाही. जेवते थोडंच. तलावावर आंघोळीला गेली की फार वेळ लावते, मामी कुरकुरते, पण मी म्हणतो, लागू दे. परवा मामीला म्हणाली, "अथांगपुरात मले घेतील का?" पोरीसारखी पोर आहे अजून.

तुझा
मामा

~

गोंदिया
५ नोव्हेंबर १९५४

मामाजी,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. तार केली असती, पण तारेत काय लिहू? तुमच्या पोस्टात वाचतील आणि संध्याकाळपर्यंत गावभर होईल. आमच्या शाळेत पाणी भरणारी मंगली उद्याच्या गाडीने निघते आहे, तिच्या हाती देते. मला पलंगावरून उठता येत नाही, नाहीतर मीच आले असते.

आधी हे ऐका. रुख्माला तलावावर एकटी जाऊ देऊ नका. आजपासून, या घटकेपासून. मामीला सांगा, सावलीसारखी राहा.

तुम्हाला कसं दिसत नाही? तुमच्या पुस्तकात त्या पोरीला दोनच वाटा आहेत. एक पाण्याखाली, जिथे कोणी मारत नाही. दुसरी सासरी. तिसरी वाट, म्हणजे माहेरी राहायची, ती तुम्ही सात वह्यांत एकदाही लिहिली नाही. पाण्याखालचं जग इतकं सुंदर केलंत की कोणालाही जावंसं वाटेल. आणि आता शेवट वाचून तिला सांगणार की सासरी जा. मग ती कुठे जाईल? शांत आहे म्हणता. मला त्या शांतपणाचीच धास्ती आहे. सातवी वही वाचू नका. तुमच्या पाया पडते.

आणखी एक. मंगली चिचगडच्या जंगलपट्टीतली आहे. दुलीचंदचं नाव काढल्याबरोबर ती म्हणाली, "बाई, त्या घरात तं धुरपता होती." रुख्मा ही दुलीचंदची दुसरी बायको आहे, हे आम्हाला माहीत होतं. पहिली तापाने गेली असं तुम्ही सांगितलं होतं. मंगली काही वेगळंच सांगते आहे. ती तुमच्यासमोर बोलेल. मला तुमच्याकडून एवढंच हवं आहे, तुम्हाला हे ठाऊक होतं का? हो की नाही, एका शब्दात लिहा. घाईत लिहिते आहे, अक्षर समजून घ्या.

शामकला

~

सौंदड
८ नोव्हेंबर १९५४

चि. शामकला,

हो.

लग्नाच्या चार दिवस आधी त्या गावचा राखणदार कोटवार मला आठवडी बाजारात भेटला. त्याने बाजूला नेऊन सांगितलं, धुरपता तापाने गेली नाही. घरामागच्या शेतातल्या बोडीच्या पाण्यात सापडली. गावाने ताप म्हणून उरकलं. तेव्हा पत्रिका वाटून झाल्या होत्या, मांडव पडला होता, घर चांगलं खातंपितं होतं. मी स्वतःला म्हटलं, पाय घसरला असेल. कोटवार पिऊन असेल. आणि मी गप्प बसलो. तुझ्या मामीलाही सांगितलं नाही.

पण तिने मला सोडलं नाही. कधी न पाहिलेली ती बाई. मला सारखं वाटायचं, पाण्यात तिला थंडी वाजत असेल. म्हणून मी खाली उजेड लिहिला, बाजार लिहिला, गुराखी लिहिला, कोणी हात उगारत नाही असा कायदा लिहिला. अथांगपूर मी रुख्मासाठी सुरू केलं नव्हतं, शामकला. दोन वर्षांपूर्वीच सुरू केलं होतं. धुरपता सुखात आहे असं मला स्वतःला पटवायचं होतं. रुख्मा पाठीवर वळ घेऊन आली तेव्हा मी त्याला फक्त शेवट जोडला.

आता जे झालं ते लिहितो. मंगली सहा तारखेला संध्याकाळच्या गाडीने आली. त्याच दिवशी दुपारी शाळेला सुट्टी होती म्हणून मी सातवी वही वाचून टाकली होती. रुख्मा खांबाला टेकून ऐकत होती. संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "मंग चंद्रकळा वर कायले आली?" मी वही मिटली. ती उठून गेली, मला वाटलं परसात गेली.

मंगलीने तुझं पत्र हातात दिलं. पहिल्या चार ओळी वाचल्या आणि मी अनवाणी धावलो. तलावाच्या शेवटच्या पायरीवर ती उभी होती, गुडघाभर पाण्यात, वाकून खाली पाहत. मी हाक मारली नाही, घाबरेल म्हणून. जवळ जाऊन दंड धरला. ती दचकलीसुद्धा नाही. म्हणाली, "मामाजी, पाहून राहिली होती. तिकडं उजेड दिसते का."

मी म्हटलं, "नाही बेटा. खाली काही नाही. गाळ आहे. मी लबाड लिहिलं."

तिने माझ्याकडे मान वळवली. मग विचारलं, "समदं?"

"सगळं," मी म्हटलं. आणि तिथेच पायरीवर बसून तिला धुरपताचं सांगितलं. कोटवाराचंही. मला ठाऊक असून मी तिला त्या घरात दिली, हेही. वाटलं होतं, माझ्या तोंडावर थुंकेल. ती रडली. श्रावणात आल्यापासून पहिल्यांदा. मोठ्याने, गुरासारखी हंबरून. घाटावरच्या बायका धुणं सोडून आल्या. मामीने तिला कवेत धरून घरी नेलं.

तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. बरोबर आहे तिचं. मामी आणि मंगली तिच्याजवळ आळीपाळीने असतात. सतरा तारखेला ते लोक येतील. काडीमोड मागायची तर जुळवणाऱ्याने पंचांपुढे कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगायचं म्हणजे माझं पाप सांगायचं. वीस वर्षं मी पोरांना खरं बोला म्हणून फळ्यावर लिहून देतो आहे. शामकला, मला फार भीती वाटते. उभा राहीन म्हणतो, पण माझं मलाच खात्रीने सांगता येत नाही.

तुझा
मामा

~

गोंदिया
११ नोव्हेंबर १९५४

मामाजी,

पत्र वाचून मी किती वेळ उशीत तोंड खुपसून पडले होते, ते सांगत नाही. तुमच्यावर इतका राग आजवर कोणावर आला नव्हता. तो जाईल असंही आज म्हणवत नाही.

पण पायरीवर तुम्ही तिला खरं सांगितलंत. माझी बहीण त्याने वाचली. हेही मला दिसतं.

मंगलीला मंडईपर्यंत ठेवून घ्या. ती पंचांपुढे बोलायला तयार आहे, मी मुख्याध्यापिका बाईंकडून तिची सुट्टी मागून घेतली आहे. पण तिने बोलून भागायचं नाही. आधी तुम्ही. तुम्ही गप्प बसलात तर ते मंगलीला जंगलातली बाई म्हणून उठवून लावतील. मला एवढंच सांगायचं आहे. सतराला दिवसभर मी इथे पडून काय करू, देव जाणे.

शामकला

~

सौंदड
२० नोव्हेंबर १९५४

शामकलाबाईले रुख्माचा नमस्कार.

मामाजी मनाले, मी लिवून देतो. मी मनलं, नाई, मीच लिवीन. चवथीपर्यंत शिकली आहो, चुकलं तं हासू नको.

मंडईच्या दिशी ते लोक सकाऊनच बैलबंडी घेऊन आले. दुलीचंद, त्याचा मोठा बाप, मंजे थोरला चुलता, आन चार जण. बंडीत माह्यासाठी नवं लुगडं ठेवलं होतं. शाळेपुढं चटया टाकून पंच बसले, मधात केवळराम पाटील. मोठा बाप मनाला, "पोरगी न्याले आलो. मास्तरनं शब्द देल्ला आहे."

मामाजी उठले. बाई, तुले तं माहीत आहे, ते चारचौघात नेहमी पुस्तकातलं बोलतेत. त्या दिशी आपल्या घरच्यावानी बोलले. टोपी काढून हातात धरली आन मनाले, "शब्द मी देल्ला, पण खोटा देल्ला. धुरपताचं मले मालूम होतं." मंग सगळं सांगतलं. मोठा बाप वरडला तवा मंगली उठली, तिनंबी सांगतलं. तिले उठवाले गेले तं मामाजी तिच्यापुढं उभे राहिले.

पाटलानं विचारलं, "मास्तर, जाणून पोरगी देल्ली?"

"हाव," मामाजी मनाले.

तिकडं मंडईत ढोल वाजून राहिले होते. मंग पंचांनी ठरवलं, काडी मोडाची. आन मास्तरच्या शब्दावर आजपासून कोणी सोयरीक कराची नाई, सालभर जातीच्या पंगतीत बसाचं नाई. मामाजीनं मान हालवली.

काडीचं एक टोक दुलीचंद धरे ना. पाटील मनाले, जुळवणाऱ्यानं धरा. पण काडी होती धानाच्या नव्या तणसाची, ओली. मामाजीनं मोडाले घेतली तं ती वाके, मोडेच ना. दुलीचंदचे लोक हासले. मी घरात गेली, चुलीजवळून तुरीची वाळली काडी आणली आन पंचांपुढं कडकन मोडली. बाईनं मोडाची रीत नाई मनाले कोणी. पाटील मनाले, मोडली तं मोडली.

बाई, मी बरी आहो. अजून पाण्यावर एकटी जात नाई, मामी संगं येते. रातच्याले दचकून उठते. मामाजीसंगं काल बोलली. लय नाई, थोडं.

आता काऊन घाईनं लिवून राहिली ते सांगते. दुलीचंद मंडईतून सरळ घरी नाई गेला. धुरपताच्या माहेरी निरोप धाडला. तिची लहान बहीण आहे, प्रेमिला, सोळा वर्षांची. साळी आहे, रीत आहे, देऊन टाका, मनते. तिच्या मायबापाले अजूनबी वाटते, पोरगी तापानं गेली. कालच मंगलीनं खबर आणली. ते हो मनाच्या तयारीत आहेत.

मामाजी मनाले, पत्र टाकू. मी मनलं, त्यांच्या घरी वाचता कोणाले येते? वाचणारा दुलीचंदचाच माणूस निंगाला तं? म्हणून उद्या पहाटे बंडी जुंपून मी आन मामाजी दोघं जाऊन राहिलो. मंगली वाट दाखवाले येते.

मामाजी सांजेपासून ओसरीवर फेऱ्या मारून राहिले. त्यांले भेव वाटते. मले विचारत होते, "त्या मायपुढं सुरुवात कुठून करू, रुख्मा?"

मी मनलं, सुरुवात राहू द्या मामाजी. शेवटच आधी सांगा.

तुही
रुख्मा